महागाईसारखा असता, तर जाळायचा कशाला?

तान्हा पोळ्याच्या सुट्टीनंतर दहावीच्या वर्गात चाचणीचे पेपर वाटत होते. ‘रूपक अलंकाराचे स्वतःचे उदाहरण लिहा’ हा दोन मार्कांचा प्रश्न मीच घातला होता. निम्म्या वर्गाने मुखचंद्र आणि नयनकमळ लिहिलं. कमळ किती जणांनी पाहिलंय ते विचारू नका.

नागपूरच्या इतवारीतल्या एका पोराने लिहिलं होतं, ‘बडग्या महागाइ आहे.’ तान्हा पोळ्याला आमच्याकडे मारबत या बाईच्या पुतळ्याबरोबर बडग्या नावाच्या पुतळ्यांचीही मिरवणूक निघते; बडग्यावर महागाईसारख्या संकटाची पाटी असते आणि शेवटी तो जाळतात. मी लाल पेनाने खाली लिहिलं, ‘अलंकार कुठे?’ आणि शून्य दिलं.

पेपर हातात पडताच तो उभा राहिला. एरवी हजेरीलाही धड आवाज न निघणारा पोरगा. “मॅडम, माहं उत्तर काहून चूक केलं जी?”

मी शिकवलेलंच त्याला ऐकवलं: उपमेय आणि उपमान एकरूप झाले, की रूपक. बडग्या म्हणजे कागद, बांबू, जुने कपडे. तो महागाईसारखा दाखवतात एवढंच.

“सारखा नाही ना जी. आम्ही त्याले जाळतो. महागाईसारखा असता त जाळून काय फायदा?”

वर्ग हसला. मी नाही हसले. मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ लहानपणापासून ओरडत आलेय. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. काळीचा संबंध लोक भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतात, म्हणजे खऱ्याखुऱ्या बाईचं प्रतीक होऊन बसलं. हे सगळं मला पाठ, आणि पेपर तपासताना यातलं काहीच आठवलं नाही!

खडू घेतला आणि फळ्यावर चार ओळी लिहिल्या. बडग्या महागाईसारखा: उपमा. बडग्या जणू महागाईच: उत्प्रेक्षा. बडग्या हीच महागाई: रूपक. हा बडग्या नव्हेच, ही महागाई: अपन्हुती. एकाच बडग्यावर चार अलंकार. इतकी वर्षं शिकवतेय, पण ‘जणू’ आणि ‘च’ यांच्यातलं अंतर वर्गाला इतक्या पटकन कधी कळलं नव्हतं.

मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, “मग ‘घेऊन जा गे’ म्हणून मारबतीशी आपण बोलतो, ते?” चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीव मानून बोलणं), असं तिघी-चौघींनी एकदमच सांगितलं. एकाने ‘मे महिन्यात बर्डीच्या रस्त्यावर पापड भाजते’ ही अतिशयोक्ती काढली. 45 अंशांत राहणाऱ्यांना ती बातमी वाटते, हा भाग वेगळा.

तास संपत आला तरी आमचा पोरगा उभाच. त्याचे काका बडग्या बांधतात. म्हणाला, “पाटी लावेपर्यंत तो नुसता कागद राहते, मॅडम. पाटी लागली, का मग लोक त्याले शिव्या देते.”

मी त्याचा पेपर परत मागितला. ‘अलंकार कुठे?’ खोडलं, शून्यही खोडलं आणि दीड मार्क दिला.

“अर्धा काहून कापला जी?”

“महागाईतली ‘ई’ दीर्घ असते.”