वेलची राहिली वाटतं!

"वेलची राहिली वाटतं," शेजारच्या काकू म्हणाल्या आणि दुसरा तुकडा उचलला.

ती स्कॉटलंडची शॉर्टब्रेड होती. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा; अंडं नाही. काकूंना ती सरळ नानखटाईच वाटली, आणि मला ते पटलं. खुसखुशीतपणा दोन्हीकडे एकाच कारणाने येतो: तूप असो की बटर, ते मैद्याला चिवट होऊ देत नाही.

मग काकू नागपूरच्या इतवारीतल्या भट्टीबद्दलच बोलत बसल्या. घरून तूप-साखर-मैदा न्यायचा, समोर उभं राहून बिस्किटं भाजून घ्यायची, पत्र्याचा डबा भरून आणायचा. संत्र्याची साल किसून घातलेल्या ब्राउनीला त्यांनी हातही लावला नाही.

नागपुरात अशी भट्टी अजून कुठे सुरू आहे का? महाल, सदर, कुठेही चालेल. काकूंना घेऊन जायचंय.