तुसाची राख, तीन खाचरं आणि हस्ताचा पाऊस

मंडळी, भात झोडून झालं, तेव्हा यंदाची वही उतरवून काढतो. गेल्या साली हस्तात माझं पूर्ण कर्जत-3 (भाताची जात) आडवं झालं होतं. चिखलातल्या लोंब्या उचलताना आबा (थोरले काका) बांधावर बसून एवढंच म्हणाले, "राब भाजायचं सोडलंत, पेंढा विकलात, तूस गिरणीत ठेवलंत. मातीत काय ठेवलंत?" (राब म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं, तूस म्हणजे भाताचं टरफल.) त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचायला बसलो आणि सिलिकॉनपाशी येऊन थांबलो.

भाताएवढं सिलिकॉन खाणारं दुसरं धान्य क्वचितच सापडेल. पेंढ्याच्या सुक्या वजनात साधारण दहावा हिस्सा सिलिका (सिलिकॉन आणि प्राणवायूचं संयुग, वाळूत असतं तेच) असते. म्हणजे नत्राच्या कितीतरी पट, आणि आपण पोतं आणतो ते युरियाचं. मुळं ती सिलिसिक आम्लाच्या रूपात आत ओढतात. त्यासाठी भाताकडे खास दारं आहेत. त्यातल्या पहिल्याचं जनुक जपानमधल्या ओकायामाच्या जियान फेंग मा यांच्या चमूने 2006 साली शोधलं. जपानने तर पोलादाच्या भट्टीची मळी सिलिकेट खत म्हणून 1955 पासून अधिकृत केली. आपल्या कोकणची जांभ्याची माती मात्र लाखो वर्षांच्या पावसात धुऊन निघालेली आहे. सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. वर आपण पेंढा आणि तूसही घराबाहेर काढतो.

उपाय इथलाच आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवड पद्धतीचं पहिलं सूत्र तेच: रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख आणि शेतात गुंठ्याला साधारण 20 किलो पेंढा. यंदा मी पेंढा मुद्दाम कुठेच घातला नाही, फक्त राख तपासायची होती.

रोहिणी. गिरणीतून दहा पोती तूस आणलं. गंजलेल्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून धुराडं केलं, त्याच्या बुडाशी विस्तव ठेवला आणि भोवती तुसाचा ढीग रचला. ज्वाळा नाही, नुसती धग. दिवस-रात्र धुमसत राहिलं. ढीग काळा झाला की पांढरा पडायच्या आत पाणी मारायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. एका बाजूला मला झोप लागली आणि तिथे करडं-पांढरं वर्तुळ उमटलं. दहा पोत्यांची राख भरली जेमतेम दीड पोतं. गिरणीवाल्याने बॉयलरमधली गुलाबीसर पांढरी राखही फुकट दिली. माझ्या डोक्यात तेव्हा राख ती राख.

पण ती तशी नसते. तूस मंद जळलं की सिलिका विस्कळित रूपात राहते आणि पाण्यात हळूहळू सुटते. भट्टीच्या कडक आचेत तिचे स्फटिक होतात. मग ती वाळूसारखीच, मुळांना जवळपास निरुपयोगी. हे मला लावणीनंतर कळलं. त्यामुळे प्रयोग आपोआप तीन खाचरांचा झाला: काळी राख, पांढरी राख आणि कोरं. प्रत्येकी गुंठाभर. राख तरव्याच्या (रोपांच्या) वाफ्यात चौरस मीटरला किलोच्या हिशेबाने आणि उरलेली शेवटच्या चिखलणीत.

इथे एक चूक कबूल करतो. काळ्या राखेचं खाचर सगळ्यात वर आलं. वरचं पाणी बांध फोडून खालच्या खाचरात जातं, म्हणजे विरघळलेली थोडी सिलिका खालच्यांनाही मिळाली असणार. कोरं खाचर वर हवं होतं.

आर्द्रा. तरवा उपटताना पहिला फरक हाताला कळला. काळ्या राखेच्या वाफ्यातली रोपं सहज निघाली, बुडखा जाड होता. हे राखेमुळे माती भुसभुशीत झाल्यानेही असेल, सगळं श्रेय सिलिकाला देत नाही. लावणी चारसूत्रीच्या दोरीवर, 15 आणि 25 सेंमी आलटून पालटून. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, बोटभर खोल. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या. कंबर अजून बोलते.

पुष्य. मी मुंबईत असताना चुलतभावाने उरलेला युरिया "वाया कशाला" म्हणून वरच्या खाचरात अर्ध्या भागात फेकला. फोनवर ऐकलं तेव्हा डोक्याला हात लावला. शेवटी त्या अर्ध्या भागानेच सगळ्यात जास्त शिकवलं.

मघा. पोटरीच्या वेळी (लोंबी बाहेर पडायच्या आधी) पहाटे दवात उभा राहून बघितलं. काळ्या राखेची (युरिया न पडलेली) पानं ताठ, चुडाच्या बुडापर्यंत उजेड पोचतोय. कोऱ्या आणि पांढऱ्या राखेची पानं मध्येच मोडल्यासारखी लवलेली. फुटवे मोजले तर तिन्हीकडे सारखेच, चुडाला 11-12. ज्यांना वाटतं सिलिकॉनने फुटवे वाढतात त्यांनी एवढं टिपून ठेवा. ताठ पानाची धार मात्र वेगळीच. बाही वर करून आत शिरलो, संध्याकाळी कोपरापर्यंत बारीक लाल रेघा.

भाच्याचा मायक्रोस्कोप घेऊन गमतीचा खेळ केला. पान चमच्यात धरून गॅसवर पूर्ण जाळलं. हिरवं गेलं, पण पानाचा पांढरा सांगाडा शिरांसकट तसाच उरला. भिंगाखाली डंबेलच्या आकाराचे काचेचे मणी ओळीने मांडलेले. करप्याच्या बुरशीला आणि खोडकिड्याच्या जबड्याला याच काचेतून आत घुसावं लागतं. करपलेल्या पानांत सिलिका कमी असते हे जपानच्या ओनोदेरा यांनी 1917 सालीच मांडलं होतं.

करपा तिन्हीकडे दिसला. कोऱ्या खाचरात जास्त, काळ्या राखेत तुरळक ठिपके. सगळ्यात जास्त मात्र कुठे, तर काळी राख अधिक फेकलेला युरिया, तिथे. गडद हिरवं, लुसलुशीत, पानं लोंबलेली. नत्राने झाड एवढ्या वेगाने वाढतं की आलेली सिलिका पातळ पडते. राख म्हणजे जादा युरियाचा परवाना नव्हे.

खालच्या कोपऱ्यात झऱ्याचं तांबूस, तवंगाचं पाणी असतं. तिथे दरवर्षी पानांवर तपकिरी ठिपके येतात. भरपूर सिलिका मिळालेली मुळं प्राणवायू बाहेर सोडून लोहाचा गंज मुळाबाहेरच बसवतात, जास्तीचं लोह आणि मँगनीज आत कमी जातं, आणि त्यामुळे झाडाला स्फुरद नीट वापरता येतं, असं वाचलं होतं. पण तिथे माझी पांढरी राख होती. ठिपके आले ते आलेच.

हस्त. दोन रात्री वाऱ्यासकट कोसळला. सकाळी कोरं खाचर निम्मं आडवं, पांढऱ्या राखेचं तसंच. वरच्या खाचरात मधोमध सरळ रेघ: अलीकडे उभं, पलीकडे युरियाचा भाग चटईसारखा झोपलेला. आबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

वजन. उभ्या भागातून मीटरभराचा एकेक चौकोन कापून वाळवला: काळी राख 410 ग्रॅम, पांढरी 385, कोरं 390. एका चौकोनावर एवढा फरक कुठल्याही दिशेला पडू शकतो, म्हणून उत्पन्न वाढलं असं मी म्हणत नाही. शिवाय राखेत थोडं पालाशही असतं. पुढच्या साली कोऱ्या खाचराला तेवढं पोटॅश देऊन तो हिशेब फेडायचा आहे, आणि कोरं खाचर वर.

सध्या भांडण पेंढ्यावरून. वहिनी म्हणतात गाईला पाहिजे, मी म्हणतो मातीला. तोडगा असा निघाला की खालच्या दोन खाचरांचा पेंढा गोठ्यात, वरच्याचा माझा. गाईने मात्र परवा दावं तोडून माझ्याच उडवीला तोंड घातलं.