इस्रोचा हप्ता आणि २,३१८ रुपयांचं व्याज

इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेत, म्हणजे कॉलेजांना संशोधनासाठी अनुदान देणाऱ्या योजनेत, आम्हाला द्राक्षबागांवरचा छोटासा प्रकल्प मिळाला होता. प्रस्ताव, मंजुरी, पहिला हप्ता, निफाडच्या बागांतली मोजणी, सगळं सुरळीत झालं. दुसरा हप्ता मात्र चार महिने अडला, तोही आमच्याच कॉलेजच्या लेखा शाखेत.

पुढचा हप्ता हवा तर यूसी द्यावं लागतं, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला १२-ए नमुना. अनुदानावर मिळालेलं व्याज त्यात दाखवायचं आणि सरकारजमा करायचं. मी आकडा मागितला, तर लेखापाल चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सर, व्याज कॉलेजचं असतं ना!"

प्रकल्पाचे पैसे त्यांनी सामायिक खात्यात टाकले होते. फी, गॅदरिंगची वर्गणी, आमचं अनुदान, सगळी खिचडी. इस्रोची किती रक्कम किती दिवस पडून होती हे काढायला मी आणि आमचा जेआरएफ, म्हणजे प्रकल्पावरचा कनिष्ठ संशोधक, तीन शनिवार पासबुक घेऊन बसलो. निघाले २,३१८ रुपये. अंतराळ विभागाची २०२४-२५ ची तरतूद १३ हजार कोटींच्या वर, आणि आमचं घोडं अडलं ते इथे! लेखापालांचा शेरा नाही म्हणून प्राचार्यांची सही नाही, आणि प्राचार्यांनी सांगितलं नाही म्हणून शेरा नाही. त्या पोराची फेलोशिप दोन महिने मी खिशातून दिली.

शेवटी शरणपूर रोडवरच्या आमच्या सीए मॅडमनी फोन करून लेखापालांना एवढंच सांगितलं, की या अनुदानाचे हिशेब कॅगलाही तपासता येतात. शेरा चहाच्या आत आला. खरं तर नियमाला मी नावं ठेवणार नाही, पैसा लोकांचा आहे.

व्याज भारतकोषवर, म्हणजे केंद्र सरकारकडे ऑनलाइन पैसे भरायच्या पोर्टलवर, भरताना विभाग नीट बघा. मी घाईत विज्ञान व तंत्रज्ञान निवडलं होतं, जेआरएफने वेळेत हात धरला. अंतराळ विभाग वेगळा, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतला. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: मंजुरीपत्र येताच प्रकल्पाचं स्वतंत्र बचत खातं उघडून घ्या.

दुसरा हप्ता परवा आला. जुन्याच खात्यात, कारण नव्या खात्याच्या अर्जावर अजून सही व्हायची आहे.