आमची वाटचाल : कव्हर गेलं, चिठ्ठी राहिली

दुकान बाबांचं. १९८८ साली पुण्यात अरण्येश्वरजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात त्यांनी कॅसेटी विकायला सुरुवात केली. भावगीतं, नाट्यगीतं, कीर्तनं, आणि दिवाळीत किल्ल्याशेजारी लावायला पोवाडे. कोऱ्या कॅसेटवर गाणी भरूनही द्यायचो. तेव्हा सगळेच द्यायचे. पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आले. पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून द्यायला बाबांनी साफ नकार दिला. मग मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकून काही वर्षं ढकलली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

मी नोकरी सोडून २०१४ साली दुकानात बसायला लागलो. रेकॉर्डना पुन्हा गिऱ्हाईक येतंय असं दिसत होतं. दोन वर्षांनी मुंबईच्या एका आयातदाराला आगाऊ पैसे देऊन मोठी ऑर्डर टाकली : पिंक फ्लॉइड, बीटल्स, म्हणजे न बघता खपणारा माल. खोकी आली, उघडली, तर आत एकही ओळखीचं नाव नाही. डिसेंडेंट्स, द मफ्स, द लॉरेन्स आर्म्स, हाय-स्टँडर्ड. सगळे पॉप-पंक या रॉकच्या प्रकारातले बँड. फोन केला तर पलीकडून उत्तर, ‘साहेब, आलेला माल परत घेत नाही.’ तीन आठवडे भांडलो. मग नाद सोडला आणि ऐकायला बसलो.

पॉप-पंक मला अगदीच परकं नव्हतं. हॉस्टेलवर रूम पार्टनर ग्रीन डे या बँडचा १९९४चा ‘डुकी’ अल्बम इतका वाजवायचा की सबमिशनच्या रात्री मला झोपेतही तेच ऐकू यायचं. पण ‘डुकी’ सगळ्यांनाच माहीत. त्याच्या आजूबाजूला, आधी आणि नंतर एवढं काही होतं हे त्या खोक्यांनी दाखवलं. तीन-चार कॉर्ड, पळता ठेका, गुणगुणता येईल अशी चाल आणि शब्दांत अगदी घरगुती दुःखं : ती बोलली नाही, मित्र गाव सोडून गेला, नोकरीचा वैताग. बाबा काउंटरवर पेपर वाचत होते. अर्धी बाजू झाल्यावर म्हणाले, ‘भावगीतच की रे हे. फक्त गाणाऱ्याला पीएमटीची बस पकडायची आहे.’

विकायचं कसं, हा प्रश्न राहिलाच. तीन वर्षांत ऐंशी अल्बमपैकी अकरा गेले.

२५ सप्टेंबर २०१९, बुधवारची रात्र. आंबिल ओढ्याला पूर आला. आमच्या परिसरात काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. माणसं गेली, त्यापुढे दुकानाचं काय घेऊन बसायचं. पण सकाळी शटर वर केलं तेव्हा गुडघाभर चिखल होता आणि खालच्या दोन कप्प्यांतला माल त्याच्या पोटात.

रेकॉर्डचं एक बरं असतं, पाण्याने तिचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते कव्हर. पुठ्ठा फुगतो, थर सुटतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. आम्ही कव्हरं फेकली आणि तबकड्या घरी नेल्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेनेच गोल गोल पुसायचं, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. धुतलेल्या रेकॉर्ड वाळायला आईच्या ताटाळ्यात उभ्या केल्या. ताटाच्या खाचेत त्या बरोब्बर बसतात. आठवडाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो, कारण ठेवायला जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात मफ्सच्या ‘ब्लाँडर अँड ब्लाँडर’ची सीडी पुसत असताना मोबाइलवर बातमी वाचली : मफ्सची गायिका किम शॅटक गेली. २ ऑक्टोबर, एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराने. तिचा आवाज आठवला की मला अजून कसंतरी होतं. ती गोड चालीत गाता गाता मध्येच अशी किंचाळते की दचकायलाच होतं, आणि पुढच्या ओळीला पुन्हा काही झालंच नाही असा चेहरा. १९९५चा हा अल्बम ‘डुकी’वाल्याच निर्मात्याने, रॉब कॅव्हालोने केला, तरी एकाला जग ओळखतं आणि दुसरा आमच्या चिखलात. सीडी चकचकीत होती, आतली पुस्तिका मात्र भाकरीसारखी चिकटून बसलेली. मी एका कागदावर हे सगळं मराठीत लिहिलं आणि पुस्तिकेच्या जागी सरकवलं. धंद्याचा विचार डोक्यात नव्हता.

मग बाकीच्यांनाही अशा चिठ्ठ्या लिहिल्या. खाकी पाकीट, त्यावर पेनाने चिठ्ठी, किंमत निम्मी. दसऱ्याला दुकान उघडलं.

पहिली गेली डिसेंडेंट्सची ‘मायलो गोज टू कॉलेज’, १९८२ची. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘पंधरा गाणी, बावीस मिनिटं. यातला गायक बँड बाजूला ठेवून खरोखरच शिकायला गेला आणि पुढे जीवशास्त्रात पीएच.डी. झाला. आईवडिलांसमोर बिनधास्त लावा.’ पुण्यात पदवीवर माल खपतो, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

लॉरेन्स आर्म्सच्या ‘ओ! कॅल्कटा!’ची (२००६) गंमत वेगळी. एक बंगाली गृहस्थ कोथरूडहून खास त्यासाठी आले. त्यांना सांगावं लागलं की बँड शिकागोचा आणि नाव १९६९च्या न्यूयॉर्कमधल्या एका रंगमंचीय प्रयोगाचं. कोलकात्याचा संबंध नाही. तरी त्यांनी उभ्याने ऐकली. यात दोन गायक आहेत, एकाचा घसा खरवडलेला, दुसऱ्याचा मऊ, आणि या अल्बमात ते एकमेकांची वाक्यं तोडत, एकत्रच गातात. नाक्यावर दोन मित्र एकच किस्सा सांगत असावेत तसं. गृहस्थ घेऊन गेले, आणि पुढच्या महिन्यात ‘असंच अजून’ मागायला आले. या सबंध कपाटातून एकच उचला म्हणाल तर मी आजही हीच देईन.

हाय-स्टँडर्ड हे जपानचं त्रिकूट. ‘मेकिंग द रोड’ (१९९९) त्यांनी स्वतःच्या लेबलवर काढला. गाणी इंग्रजीत, उच्चार त्यांचे, आणि उत्साह असा की सकाळी शटर उघडताना आम्ही तोच लावतो. नव्या मागवलेल्यांत मार्था ही बँड आहे, इंग्लंडमधल्या डरहॅमजवळच्या ज्या गावची, त्याचं नावच ‘पिटी मी’, म्हणजे ‘माझी कीव करा’. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं तरी पुरतं. अल्बम २०१६चा, ‘ब्लिस्टर्स इन द पिट ऑफ माय हार्ट’. चौघंही गातात, कोरसला तुम्हीही गाल.

हल्ली काही जण नुसते चिठ्ठ्यांचे फोटो काढायला येतात, पुणेरी पाट्या समजून. काढा बापडे. पण मग एक बाजू तरी ऐकून जा, खुर्ची ठेवलेली आहे.

आता आयात आम्ही स्वतः करतो, थोडीच, प्रत्येकाच्या तीन-चार प्रती. कव्हरं शाबूत असतात, तरी गिऱ्हाईक चिठ्ठी मागतं. खालचे दोन कप्पे रिकामे ठेवले आहेत. पाऊस जोरात लागला की बाबा अजून मधूनच उठून दारातून ओढ्याच्या दिशेला बघून येतात.

जॉइस मॅनर या बँडच्या ‘नेव्हर हंगोव्हर अगेन’वरची (२०१४) चिठ्ठी बाबांची आहे. तिला मी हात लावलेला नाही : ‘दहा गाणी. एकूण एकोणीस मिनिटे. गायक दुःखी आहे, परंतु वेळेचा पक्का. इतक्यात भाताचा कुकर होतो.’