अभ्यासिकेचा पीसी : वायफाय लागलं एकदाचं

गावच्या अभ्यासिकेतल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टीम बसली, मराठी कीबोर्डही चालू झाला, इथवर मागे लिहिलं होतं. अडलं होतं ते इंटरनेटवर. राउटर रस्त्यापलीकडच्या इमारतीत, केबल ओढायची सोय नाही. म्हणून हिंगणघाटहून नखाएवढं यूएसबी अ‍ॅडॉप्टर आणलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६०० एमबीपीएस, चिप कोणती याचा मात्र पत्ता नाही. (हे ६०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ४३३ अधिक २.४ चे १५०, दोन बँडची बेरीज. खरी येते ५८३, तीच फुगवून ६००. एका वेळी चालतो एकच बँड.)

लावलं तर वायफायच्या यादीत शुकशुकाट, आणि डेस्कटॉपवर सीडीचं चिन्ह! उघडलं तर आत विंडोजचा सेटअप. भरतीचा अभ्यास करणारं एक पोट्टं मागून म्हणालं, "भाऊ, हे वापस करून द्या न." बरेच जण इथंच वापस करतात.

टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवलं, म्हणजे यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी आज्ञा. ओळख आली ०बीडीए:१ए२बी. ०बीडीए म्हणजे रियलटेक. १ए२बी म्हणजे अ‍ॅडॉप्टर अजून वायफाय झालेलंच नाही, विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन सीडी ड्राइव्ह बनून बसलंय. त्या चिन्हावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' दाबलं, पुन्हा एलएसयूएसबी पाहिलं, तर ०बीडीए:सी८११. ही ८८११सीयू चिप. हेच काम यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम 'के' पर्यायाने करतो. दर वेळी हाताने करावं लागू नये म्हणून यूडेव्हमध्ये (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची यंत्रणा) एका ओळीचा नियम टाकला की १ए२बी दिसलं रे दिसलं, मोडस्विच चालव.

एवढं होऊनही वायफाय नाहीच, कारण मिंट २१ सोबत येणारा ५.१५ कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. या चिपचा यूएसबी ड्रायव्हर, आरटीडब्ल्यू८८, कर्नलमध्ये आला तो ६.२ पासून, म्हणजे २०२३ मध्ये. गिटहबवरून ड्रायव्हर उतरवून डीकेएमएसने (बाहेरचा ड्रायव्हर कर्नलसाठी घडवून देणारं साधन) बसवता येतो, पण मी त्या वाटेला जात नाही. कर्नल बदलला की डीकेएमएस तो आपोआप पुन्हा घडवतं खरं, पण नव्या कर्नलवर ते फसूही शकतं, सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर सहीची कटकट वेगळी, आणि अभ्यासिकेत ते निस्तरायला कोण बसणार? त्यापेक्षा अपडेट मॅनेजरच्या 'लिनक्स कर्नल्स' खिडकीतून ६.८ घेतला. नेट नसताना नेटवरून कर्नल कसा आणायचा? मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

रीबूट केल्यावर डब्ल्यूएलएक्सने सुरू होणारं, मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) शेपटीला लावलेलं वायफायचं ते लांबलचक नाव दिसलं आणि जीव भांड्यात पडला.

पण लगेच दुसरं दुखणं. पाच मिनिटं कोणी काही उघडलं नाही की जोडणी मुकी व्हायची. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरात पॉवरसेव्हची फाइल असते, तिच्यात वायफाय.पॉवरसेव्ह = ३ लिहिलेलं होतं. ३ म्हणजे वीजबचत चालू, २ म्हणजे बंद. २ केलं, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट केला, दुखणं गेलं.

समोरच्या पोर्टला लावलं की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) मधूनमधून 'एरर -७१' यायचं. समोरचे पोर्ट कॅबिनेटमधल्या बारीक वायरीने बोर्डाला जोडलेले असतात, ती ढिली असावी. मागच्या पोर्टात लावल्यावर ओळ गायब.

राहिला सिग्नल. छत पत्र्याचं, पीसी भिंतीला चिकटून, त्यात अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटच्या पाठीमागे, म्हणजे लोखंडाच्या आडोशाला. सिग्नल -८१ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शनने अ‍ॅडॉप्टर खिडकीच्या गजाला बांधलं, तर -६६. ५ गिगाहर्ट्झ तिथवर पोचतच नाही, म्हणून जोडणी २.४ वरच पक्की करून टाकली. सराव पेपरांच्या पीडीएफ आता न अडकता उतरतात.

दुसऱ्या पीसीला एक जुनं अ‍ॅडॉप्टर मिळालंय, ओळख १४८एफ:७६०१. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.२ पासून आहे. लावलं आणि चाललं. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.