पित्तच होतं, पण ते नव्हे

सुरुवात तळपायांपासून झाली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांत आतून वळवळायला लागायचं, मग तळहात, मग दंड आणि पाठ. डास चावल्यावर खाजवलं की क्षणभर तरी बरं वाटतं. इथे तेही नाही. नखं कितीही लावा, खाज आपली कातडीच्या एक थर खाली. उठून गार फरशीवर अनवाणी उभी राहायचे. फरशी कोमट झाली की शेजारची.

घरात निदान केव्हाच झालं होतं: अंगावर पित्त उठलंय. पण पित्ताच्या गांधी दिसतात, माझ्या अंगावर एकही नव्हती. होते ते माझ्याच नखांचे ओरखडे. पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तेवढाच भाग स्वच्छ.

त्वचेच्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. गुण नाही म्हटल्यावर खरजेचं मलम. तेही घरातल्या सगळ्यांनी मानेपासून तळव्यांपर्यंत लावलं. मग साबण बदलला. गोळ्यांनी गुंगी यायची, खाज तशीच. गुंगीत खाजवत राहायचे आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. यात चार महिने गेले. पुरळ नसताना एवढी खाज, तीही तळहात-तळपायांना आणि रात्रीच जास्त, हे ऐकून एकदा रक्त तपासू असं कुणालाच वाटलं नाही, याचा मला अजून राग आहे.

शेवटी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्ताचा प्रवाह अडला की वाढणारं एक एन्झाइम, वाढलेलं निघालं. काविळीत वाढतं ते बिलिरुबिन नॉर्मल होतं, म्हणून डोळे पांढरेशुभ्र, आणि त्यामुळे लिव्हरकडे कुणी पाहिलंच नव्हतं. एएमए नावाची, शरीराच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह आली आणि आजाराचं नाव कळलं: प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, पीबीसी. २०१५ पर्यंत यातल्या 'सी'चा अर्थ सिरॉसिस होता. जुन्या नावाने शोधत बसले आणि एक रात्र खाजेऐवजी भीतीने जागून काढली. (लिव्हर म्हटलं की लोक आधी दारूचं विचारतात. दारूशी याचा काही संबंध नाही.)

लिव्हरच्या डॉक्टरांनी कागदावर झाडाच्या फांद्या काढून दाखवल्या. यकृतातल्या बारीक पित्तनलिका शरीराचीच प्रतिकारशक्ती खराब करते, पित्त नीट वाहत नाही आणि जे आतड्यात जायचं ते रक्तात फिरत राहतं. त्यातलं नेमकं खाजवतं काय, यावर एकमत नाही; पित्ताम्लं, लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड, शरीरात तयार होणारे अफूसारखे पदार्थ, असे बरेच संशयित आहेत. हिस्टामिन मात्र यातलं मुख्य कारण नाही, म्हणून ॲलर्जीच्या गोळ्यांनी नुसती झोप यायची. म्हणजे घरचे चुकले नव्हते. पित्तच होतं, पण ते नव्हे.

"खाज वाढली म्हणजे लिव्हर बिघडत चाललंय का?" हे मी दर भेटीत विचारायचे. दोन्हींचा तसा मेळ नसतो, असं उत्तर मिळायचं. लिव्हर बऱ्यापैकी असताना खाज जीव नकोसा करू शकते.

आजारासाठी अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड वजनाच्या हिशेबाने सुरू झालं. रिपोर्ट सुधारले, खाज हलली नाही. तिच्यासाठी कोलेस्टिरामाइनची पावडर आली. पाण्यात कितीही ढवळा, दातांखाली वाळू. ती आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेते. रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त न्याहारीच्या वेळी उतरतं, म्हणून एक पुडी न्याहारीआधी, एक नंतर. आणि इथे मीच घोळ घातला: आठवण राहावी म्हणून बाकीच्या गोळ्याही त्याच ग्लासाबरोबर गिळत होते. पावडर त्यांनाही धरून ठेवते! बाकीची औषधं तिच्या निदान एक तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यायची असतात. हे कळेपर्यंत तीन आठवडे अर्सोच्या गोळ्या बहुधा वाया गेल्या होत्या.

पावडरीने पोट गच्च झालं, खाज निम्मी उरली. पुढची पायरी रिफाम्पिसिन, टीबीचंच औषध, १५० मिलिग्रॅमपासून. लघवी नारिंगी होईल हे सांगितलं होतं. कॉन्टॅक्ट लेन्सही रंगतील हे मला लेन्सची जोडी गेल्यावर कळलं. हे औषध लिव्हरलाही त्रास देऊ शकतं, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. चाललं नसतं तर नालट्रेक्सोन, नाहीतर सर्ट्रालिन, असा क्रम डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवला होता. यादीत पुढे काहीतरी आहे, एवढ्यानेही मला धीर यायचा.

तशी वेळ आली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा डोळे उघडले तर उजाडलेलं होतं. संध्याकाळी तळव्यांत अजून चुरचुरतं, विशेषतः उकाड्यात. मग ओला पंचा गुंडाळून बसते. परवा नेलकटर शोधताना लक्षात आलं, वर्षभर तो लागलाच नव्हता, नखं रोज बोटांनीच चाचपून कानशीने घासून टाकत होते.