टॉवेलात गुंडाळलेली रायफल

निवडणूक संपली की आमच्या दुकानातले काम एकदम वाढते. आचारसंहितेच्या काळात ज्या परवानाधारकांना आदेश मिळतो ते आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करतात आणि निकालानंतर परत नेतात. त्यांतली बरीचशी मग साफसफाईसाठी आमच्यासारख्या परवाना असलेल्या दुरुस्ती दुकानात येतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला जाहीर झाला. म्हणजे त्या वर्षी जमा झालेल्या शस्त्रांनी सोलापूरचा अख्खा उन्हाळा बंद खोलीत काढला आणि वर मृगाची दमट हवाही खाल्ली. अशा दिवसांत गंजलेली नळी पाहून मला आश्चर्य वाटत नाही. माळशिरस भागातल्या एका बागाईतदार तात्यांनी आणलेली रायफल मात्र लक्षात राहिली, कारण तिच्यावरचा गंज ओळीत होता.

ती इशापूरच्या कारखान्यात बनलेली 0.315 इंच मापाची स्पोर्टिंग रायफल होती. या रायफलीची रचना जुन्या 0.303 ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्या वळणाची असते, दस्ता लाकडी आणि नळीवर काळसर निळी झिलई. तात्यांनी ती एका नव्याकोऱ्या, गडद लाल रंगाच्या टॉवेलात गुंडाळून वरून सुतळीने आवळून बांधली होती आणि त्याच अवस्थेत ती जमा केली होती. सुतळी सोडून टॉवेल उलगडला, तेव्हा नळीच्या वरच्या बाजूला बारीक तांबूस ठिपके दिसले. पाभरीने पेरलेल्या ज्वारीसारखे ते सरळ, समान अंतराच्या ओळींत उगवलेले होते. जिथे सुतळी घट्ट होती तिथे ठिपके दाट, जिथे सैल होती तिथे विरळ. दस्त्यावर, हात धरण्याच्या जागी, लाकडात लालसर रंग उतरला होता.

शस्त्र हातात आले की ते रिकामे आहे की नाही हे आधी पाहायचे, ही आमच्या धंद्याची पहिली अट आहे. मी बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा काढला, चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा पाहिली आणि मागून नळीतून उजेडाकडे नजर लावली, तर उजेडच दिसेना. नळीच्या तोंडात त्याच टॉवेलाच्या कापडाचा बोळा होता. धूळ जाऊ नये म्हणून तात्यांनी तो बसवला होता. तो विसरून कोणी गोळी झाडली असती तर नळी फाटून झाडणाऱ्याच्याच चेहऱ्यावर आली असती; हे मी त्यांना जरा कडक शब्दांतच सांगितले, आणि वयाने वडील असूनही त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले. बोळा काढल्यावर तोंडाच्या आतल्या कडेला गंजाचे पूर्ण कडे दिसले. गोळी नळी सोडते ती जागा हीच, आणि नेमबाजीचा नेम पुष्कळसा याच कडेवर अवलंबून असतो.

तात्यांचा निष्कर्ष ठरलेला होता. "मिस्त्री, ठाण्याच्या खोलीत ओल असणार, दुसरं काय? मी अर्ज देणार हाय. तुम्ही फक्त लिहून द्या." खोलीत ओल असती तर सगळी नळी सारखी गंजली असती, ओळी पडल्या नसत्या, हे मी समजावून पाहिले. ते त्यांना पटेना. टॉवेल तर चांगला जाडजूड सुती होता, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या कारखान्यातून किलोवर आणलेला सेकंड माल होता, आणि सुती कापड लोखंडाला अपाय करील हे त्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते. सोलापुरात वाढलेल्या माणसाला टॉवेलावर संशय घ्यायला सांगणे तसे अवघडच आहे.

तेव्हा मी लिहून देण्याऐवजी त्यांना दिवसभर बसवून घेतले. टॉवेलाचा एक तुकडा कापला आणि धुऊन धुऊन विरलेल्या जुन्या धोतराचा एक तुकडा घेतला. दोन्ही तुकडे फिल्टरच्या पाण्यात सारखेच भिजवून पिळले आणि पॉलिश पेपरने घासून उजळ केलेल्या लोखंडी पट्टीच्या दोन टोकांना ठेवून वर वजन दिले. प्रथमोपचार पेटीत आयोडीन होते. त्याचा एकेक थेंब दोन्ही कापडांच्या कडेला सोडला. टॉवेलावर, सुताच्या ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांत, निळाकाळा डाग उमटला. धोतरावर आयोडीनचा पिवळट रंग तसाच राहिला. मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला स्टार्चची खळ देतात, आणि ती खळ धुऊन निघाली नसेल तर आयोडीन निळे होते. खळ हवेतला ओलावा धरून ठेवते. शिवाय असे कापड करकरीत असते, त्यामुळे झिलईवर घासायला ते नकोच.

खळीपेक्षा मला संशय होता तो मिठाचा. सुती कापडाला पक्का रंग देताना रंगाच्या हौदात मीठ मोठ्या प्रमाणात टाकतात, म्हणजे रंग सुताकडे ओढला जातो. नंतर सोड्याने तो पक्का करतात आणि मग कापड अनेक पाण्यांतून काढतात. शेवटची धुलाई नीट न होताच बाहेर पडलेल्या मालात मीठही राहते आणि सुटा रंगही. आंघोळीच्या टॉवेलाला त्याने काही बिघडत नाही, दोन धुण्यांत सगळे निघून जाते. तोच टॉवेल न धुता लोखंडाला आवळून बांधला, तर मीठ हवेतले पाणी ओढते आणि टॉवेलाचा प्रत्येक फासा, म्हणजे वर आलेला सुताचा वळसा, जिथे टेकतो तिथे गंजाचा एक ठिपका तयार होतो. टॉवेलाचे फासे ओळीत विणलेले असतात, म्हणून गंजही ओळीत आला.

दरम्यान रायफल खोलायला घेतली. तात्यांना एव्हाना कामात रस वाटू लागला होता आणि ते प्रत्येक कापडाबद्दल विचारू लागले. नळीच्या आतल्या कामाला मी फलालीन वापरतो. लष्करात आणि एन.सी.सी.मध्ये तिला चिंदी म्हणतात, आणि 0.303 साठी तिची मापे ठरलेली आहेत: कोरडी चिंदी 4 इंच बाय 2 इंच, तेलाची 4 इंच बाय दीड इंच. तेलाची चिंदी लहान असते, कारण ती नळीत गच्च बसली तर लावलेले तेल स्वतःच पुसून काढते. पुलथ्रू, म्हणजे चिंदी अडकवून नळीतून ओढायची दोरी, मागून तोंडाकडे एका दमात ओढायचा आणि दोरी तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही. तांबे विरघळवणारे अमोनियाचे द्रावण लावल्यावर पहिल्या चिंद्या निळसर हिरव्या निघाल्या, मग काळ्या, मग स्वच्छ; आतले आटे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, सुदैवाने शाबूत होते.

बाहेरच्या धातूला मला जुने धोतर किंवा पंचा लागतो. त्यातली खळ केव्हाच गेलेली असते, सुटे तंतू झडून गेलेले असतात आणि कापड झिलईवर ओरखडा न काढता वळते. आमच्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात धुतलेले कापड मात्र शेवटी फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्यातून काढून घेतो. टॉवेलाचे फासे नेम धरायच्या मागच्या-पुढच्या माशीत अडकतात आणि बोल्टच्या खाचांत लव सोडतात. ती लव तेलात मिसळून चिकट थर होतो. गॅरेजवाल्यांचे बनियन वेस्ट, म्हणजे टाकाऊ बनियनच्या चिंध्या, स्वस्त पडते, पण त्यात शिवण, इलास्टिक, कधी एखादे बटणही निघते. मायक्रोफायबर बोटांचे ठसे छान उचलते, पण तेलाचा पातळ थरही उचलून नेते, आणि एकदा त्यात आपल्याकडची बारीक धूळ शिरली की ती झटकून निघत नाही. मी ते फक्त दुर्बिणीच्या काचेला ठेवले आहे.

लाकडाचे कापड पूर्ण वेगळे ठेवावे लागते, यावर मी तडजोड करत नाही. धातूच्या फडक्यातले खनिज तेल आणि काजळी लाकडात मुरली की दस्ता काळा पडतो आणि काळाने भुसभुशीत होतो. उलट लाकडाच्या फडक्यातले जवसाचे तेल बोल्टला लागले तर वाळून त्याचा राळेसारखा थर बसतो. तात्यांच्या दस्त्यावरचा लाल रंग मी ओलसर फलालिनीने जमेल तितका उचलला, लाकूड सुकू दिले आणि मग तळहाताने जवसाचे तेल चोळून जास्तीचे धोतराच्या तुकड्याने पुसले. तो तुकडा लगेच दोरीवर पसरून टाकला. जवसाचे तेल हवेत वाळताना तापते, आणि असे बोळे डब्यात कोंबून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात. आमच्या उन्हाळ्यात तर त्यांना थोडे निमित्तही पुरत असेल.

सायंकाळी पाचच्या सुमारास पट्टीवरचे तुकडे उचलले. धोतराखाली पट्टी किंचित धुरकट झाली होती. टॉवेलाखाली तांबूस ठिपके होते, लहान पण ओळीत. तात्यांनी चष्मा काढून पट्टी जवळ धरली, नळीशेजारी ठेवून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे अर्ज माझ्याच नावानं द्यावा लागतोय की."

नळीवरचे ठिपके मी तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढले. गंज गेला, पण झिलईवर फिकट खुणा राहिल्या. तोंडाच्या कडेचा गंजही पुसला गेला, तरी तिथे बारीक खड्डे पडले आहेत. ती कड पुन्हा कापायची की नाही हे रेंजवर कागदावर गोळ्या मारून पाहिल्यानंतरच ठरवू, असे मी त्यांना सांगितले. पुढच्या वेळी जमा करताना नळीला तेलाचा हात द्यावा, तोंड उघडे ठेवावे आणि भोवती कोणतेही कापड गुंडाळू नये, कारण चांगले कापडही महिनोन्‌महिने ओल धरून बसते. परत जाताना त्यांनी धोतराचे दोन तुकडे मागून घेतले आणि टॉवेल माझ्या बाकावर तसाच राहू दिला. तो मी दोनदा धुतला; आता हात पुसायला आहे.